अड्ड्यावरचे पत्ते आणि घरातला खेळ

‘घरातल्या सर्वांसाठी’ ही ओळख व्हिडिओ गेमच्या व्यवसायात आज ज्या निंटेंडो कंपनीशी जोडली जाते, तिचा आरंभ जुगाराच्या साहित्यातून झाला. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये क्योतो येथे हानाफुदा, म्हणजे बारा महिन्यांची फुलेझाडे चितारलेले अठ्ठेचाळीस पत्ते, तयार करण्यास सुरुवात केली. या पत्त्यांना जुगाराच्या अड्ड्यांवर मोठी मागणी असल्यामुळे धंदा चालला. प्रतिष्ठा मात्र लाभली नाही. १९४९ मध्ये कारभार हाती घेतलेले त्यांचे पणतू हिरोशी यामाउची यांनी १९५९ मध्ये डिस्नेशी करार करून मिकी माऊससारखी पात्रे पत्त्यांवर छापली आणि सोबत मुलांना समजतील अशा खेळांच्या नियमांची पुस्तिका दिली. या पुस्तिकेचे महत्त्व चित्रांइतकेच मानावे लागेल, कारण पत्ते घरात येण्यासाठी ते खेळण्याचे निर्दोष निमित्तही घरात यावे लागते.

चित्रे मात्र उसनी होती. पात्राच्या वापराचा परवाना देऊन मोबदला घेण्याची पद्धत डिस्नेने १९३० च्या दशकात भरभराटीस आणली होती, आणि तिच्या मुळाशी ऑस्वाल्ड हे सशाचे पात्र १९२८ मध्ये हातचे गेल्याची जखम होती, मिकी त्यानंतरचा. निंटेंडोच्या वाट्यालाही असाच प्रसंग आला. पॉपाय या कार्टून पात्राचा परवाना न मिळाल्याने कंपनीचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या व्हिडिओ गेमसाठी स्वतःची पात्रे रचली, आणि त्यातला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ झाला.

१९८३ मध्ये जपानात आलेल्या निंटेंडोच्या खेळयंत्राचे नावच ‘फॅमिली कॉम्प्युटर’ होते. त्याच सुमारास निकृष्ट खेळांच्या सुळसुळाटाने अमेरिकेतील बाजार कोसळला असल्यामुळे, तेथे १९८५ मध्ये उतरताना कंपनीने अनधिकृत खेळ रोखणारी चिप यंत्रात बसवली व मान्य खेळांवर स्वतःची मोहोर उमटवली. या शिस्तीची किंमतही होती: १९९३ मध्ये ‘मॉर्टल काँबॅट’ या मारामारीच्या खेळाच्या निंटेंडो आवृत्तीत रक्ताच्या जागी घाम दाखविण्यात आला, तेव्हा ग्राहक प्रतिस्पर्धी सेगा कंपनीच्या रक्तरंजित आवृत्तीकडे वळले, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात निंटेंडोने रक्त राहू दिले.