हाडांचा माल

साष्टीच्या उत्तर टोकास, भाईंदरच्या मिठागरांच्या शेजारी वसलेल्या मौजे गोडदेवात आज इमारतींची अशी दाटी झाली आहे की, येथे भातशेती होती त्या काळी एखाद्या कुणब्याचा बैल मेला म्हणजे त्याच्या हाडांचे पुढे काय होई, हा प्रश्न कोणाच्या मनात यावयाचे कारणच उरलेले नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मेलेले ढोर ओढण्याचे काम महारांच्या माथी वतन म्हणून लादलेले होते, आणि या ओझ्यासच दफ्तरात हक्क म्हणत, ही थट्टा क्रूरच म्हटली पाहिजे. 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस वर्ज्य करण्याचा उपदेश केला, आणि पुढे 1958 च्या कायद्याने ती वतनेच खालसा झाली; परंतु गिधाडांनी साफ केलेली हाडे गोळा करून दलालामार्फत कारखान्याकडे आणि बंदराकडे रवाना करण्याचा व्यापार कोणत्याही कायद्याने थांबला नाही.

1960 ते 1980 या काळात भारतीय उपखंडातून ब्रिटनला लक्षावधी टन हाडे आणि त्यांचा चुरा गेला. त्यातून खत झाले, सरेस झाला, आणि काही भाग गुरांच्या खाद्यातही मिसळला. तिकडे 1986 साली गाईंच्या मेंदूची चाळण करणारा नवा रोग ओळखला गेला. त्याचे मूळ जंतूत नसून प्रायॉन नामक विकृत प्रथिनात होते, आणि नेहमीच्या उष्णतेने ते नष्ट होत नसल्यामुळे, मेलेल्या जनावरांचे मांस-हाडांचे पीठ चरणाऱ्या जनावरांनाच चारण्याच्या प्रथेतून रोग कळपाकळपांत पसरला. 1988 साली तिकडे ही प्रथा बंद झाली. तोपर्यंत नुकसान होऊन चुकले होते, आणि 1996 च्या मार्चमध्ये माणसांतील नव्या रोगाशी त्याचा संबंध असल्याचे सरकारास जाहीर करावे लागले.

2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कोल्चेस्टर या संशोधक पितापुत्रीने असा तर्क मांडला की, गंगाकाठच्या हाडांत मिसळलेल्या मानवी अवशेषांतून हा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला असावा. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेतील शंकर व सतीशचंद्र यांनी त्याच अंकात त्याचा प्रतिवाद केला. माझ्या मते हा तर्क मोठा आणि पुरावा तोकडा. तथापि ज्या व्यापारावर तो उभा होता तो व्यापार काल्पनिक नव्हता, हे मान्य करावयास हवे.

आपली गुरे या रोगापासून बचावली ती बहुधा पेंढा, कोंडा आणि सरकीची पेंड स्वस्त होती म्हणून. एरवी निर्जंतुक केलेले हाडांचे पीठ खनिज मिश्रणात घालण्याची रीत येथेही होतीच. 2010 साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारतास नगण्य धोक्याचा देश ठरविले. मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांस खरे भय निराळेच आहे: पावसाळ्यात दमट कोठारात भुईमुगाच्या पेंडीस बुरशी धरते, आणि 1960 साली इंग्लंडात टर्की पक्ष्यांचा संहार करणारे त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष म्हशीच्या पोटातून थोडे रूप बदलून दुधात उतरते.