उमेदवारी

निवडणूक आली की ‘उमेदवार’ हा शब्द आपण दिवसातून पन्नासदा ऐकतो. पण एखाद्या निवृत्त कारकुनाला ‘उमेदवारी केली’ म्हणजे काय, असं विचारून बघा. तो निवडणुकीचं बोलणार नाही. उमेद म्हणजे आशा, हा शब्द फारसीतून आला. कचेरीत बिनपगारी बसायचं, जुन्या कारकुनाच्या हाताखाली नकला करायच्या आणि कधीतरी जागा रिकामी होईल या आशेवर दिवस काढायचे, ही उमेदवारी. शाळकरी वयाच्या पोराला ऑफिसात शिरायचा तोच रस्ता होता. त्याची जाहिरात निघत नसे. आत कोणीतरी ओळखीचं असावं लागे.

गोपाळ गणेश आगरकर आपल्याला ‘सुधारक’चे संपादक म्हणून माहीत असतात. 1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण मध्येच अडलं तेव्हा या मुलाने कचेरीत कारकुनी करून पाहिली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शेवटी तो आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला आला आणि 1875 साली मॅट्रिक झाला. विद्यार्थी असतानाच तो ‘वऱ्हाड समाचार’साठी लिहू लागला होता. पाठ्यपुस्तकं हे सगळं ‘हालअपेष्टा सोसून शिक्षण घेतले’ अशा एका ओळीत उरकतात. मला मात्र त्या ओळीतली कामंच महत्त्वाची वाटतात. शिकायचं म्हणून कमवायचं आणि कमावता येईल तिथे शिकायला जायचं, हे त्या मुलाने दीडशे वर्षांपूर्वी केलं.

पण आगरकर गरीब असले तरी त्यांच्या समाजात लेखणी पिढ्यान्‌पिढ्या होती. कचेरीत त्यांना कोणी ‘तू इथे कसा?’ असं विचारलं नसणार. त्याच काळात आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजी कागदांत ‘वून’ म्हणजे वणी या नावाने नोंदला जात होता. 1905 मध्ये त्याला यवतमाळचं नाव मिळालं. इथल्या कोलाम, गोंड, बंजारा पोरांसाठी कचेरी म्हणजे बाहेर झाडाखाली ताटकळण्याची जागा होती. आत टेबलाशी बसायचं त्यांच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं.

हे बदललं कशाने? शाळांनी आणि राखीव जागांनी, हे उत्तर बरोबरच आहे. पण त्यात मी एका यंत्राचीही भर घालीन.

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तालुक्यातालुक्यात नवी ऑफिसं उघडली. 1964 च्या राजभाषा कायद्याने सरकारी कागद मराठीत यायला लागला, आणि तो कागद टाइप करायला मराठी टायपिस्ट लागले. गोदरेजने देशी टाइपरायटर 1955 मध्येच आणला होता. मग तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या आसपास, एखाद्या माडीवर पाटी लागली: टायपिंग इन्स्टिट्यूट.

दहावी झाली की सुट्टीत टायपिंग लावायचं, हा दोन-तीन पिढ्यांचा रिवाज होता. रोज एक तास, ठरलेलं मशीन. पहिले कितीतरी दिवस नुसतं एएसडीएफजी. करंगळीत जोर नसतो, त्यामुळे ‘ए’ फिकट उमटतो आणि सर ओरडतात. मग सरकारी परीक्षा: मराठी तीस, इंग्रजी चाळीस. म्हणजे मिनिटाला तितके शब्द.

ही तीस-चाळीस म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मिनिटाला तीस शब्द येतात की नाही, हे घड्याळ सांगतं. मामा कुठे नोकरीला आहे, हे घड्याळ विचारत नाही. ज्याच्या घरात आधी कोणी ऑफिस पाहिलेलं नाही, त्या पोराच्या हातात पहिल्यांदा असं काहीतरी आलं, जे ओळखीशिवाय दाखवता येत होतं. मुलींना तर याहून जास्त मिळालं. संध्याकाळी घराबाहेर पडायला क्लास हे घरच्यांना चालणारं कारण होतं. हे सगळं फुकट मात्र नव्हतं. फी भरावी लागे, आणि कापूस पडत्या भावात गेला की पहिली गळती क्लासमधूनच व्हायची.

वकिलाकडे, अडत्याच्या गादीवर किंवा तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलाशी संध्याकाळचे दोन तास मिळायचे ते याच शिकाऊ पोरांना. पैसे थोडे मिळत, हात मात्र बसत असे. उमेदवारी संपली नव्हती, पण आता उमेदवाराजवळ एक प्रमाणपत्र होतं.

2017 च्या सुमारास यंत्रावरची ती परीक्षा बंद झाली आणि संगणकावर आली. 2024 मध्ये सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. ऑफिसात काम शिकायचं आणि बारावी पास असाल तर महिना 6,000 रुपये घ्यायचे. उमेदवाराला खुद्द सरकारने विद्यावेतन द्यावं, ही जुन्या कारकुनांना चेष्टाच वाटली असती. पण वयाची अट 18 ते 35. अकरावीतल्या पोराला तिथे जागा नाही.

कायद्याने मात्र त्याला अडवलेलं नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, आणि 14 ते 18 मधल्यांना धोक्याच्या कामांवर. टेबलावरचं काम त्यात येत नाही. म्हणून आज त्या वयाची पोरं दिसतात ती झेरॉक्सच्या दुकानात आणि सेवा केंद्रात. उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, नॉन-क्रीमीलेअरला कोणते, अंगठा उमटत नसेल तर म्हातारीचं बोट कसं पुसून घ्यायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांचं नाव कुठल्या हजेरीपटावर नसतं. पगार किती, हे मालकाच्या मनावर. घड्याळ लावून मोजता येईल असं त्यांच्याजवळ पुन्हा काही उरलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांसाठी रांगा लागतात आणि केंद्रवाल्याला हात कमी पडतात. काम विचारायला जायचं असेल तर त्याच्या पंधरा दिवस आधी जावं, आणि तासाचे पैसे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावेत.