पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर

उपासक-उपासिकांनो, लष्करातून पेन्शनीत आलेला माणूस म्हणजे आपल्या वस्तीत मानाचा. ट्रंकेत जपलेला पलटणीचा कागद अन् तोंडी पलटणीच्या गोष्टी. अशाच एका वृद्ध शिपायाचे शब्दचित्र येथे देत आहे. फरक इतकाच, की या म्हाताऱ्याने आठवणी नुसत्या सांगितल्या नाहीत, त्यांचा सरकारला अर्ज लिहिला.

गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीस राहिले. दापोलीत तेव्हा महार पेन्शनरांची वस्तीच होती. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहावाचायला शिकवीत, त्यामुळे ही मंडळी साक्षर. जोतीराव फुल्यांच्या विचाराने बाबा भारावलेले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले, 'दीनबंधु'तून लिहिले, 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' चालवली.

आता जरा विचार करा. ज्याने पलटणीत हुकूम दिले, ज्याच्या हुकमावर शिपाई चालले, तो गावी परतला की पुन्हा विटाळाचा धनी! दापोलीत १८९२ च्या सुमारास पेन्शनरांनी आपली पोरं शाळेत घ्यावीत म्हणून धडपड केली, तर पोरांना व्हरांड्यात बसवले. त्याच सुमारास दुसरा घाव बसला. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढाऊ जाती' ही कल्पना बळावली आणि महारांची फौजेतली भरती बंद झाली. म्हणजे बापाची पेन्शन चालू, मुलाला मात्र दार बंद. आणि भरती गेली की पलटणीतली शाळाही गेली, हे नुकसान पगारापेक्षा मोठे.

१८९४ साली बाबांनी 'विनंतिपत्र' तयार केले. आपल्या लोकांनी कंपनी सरकारची चाकरी केली, मग आज आम्ही नालायक कसे, हा त्याचा गाभा. आपण मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खाल्ले म्हणून अस्पृश्य ठरलो, असाही इतिहास त्यात आहे. हा इतिहास आज आपण मानत नाही. अस्पृश्यतेची वेगळी मीमांसा प. पू. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये मांडली. पण म्हाताऱ्याने गतकाळाची भीक मागितली नाही, हिशेब मागितला, एवढे ध्यानात घ्यावे.

याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळही लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस आले. छोटा भीम तेव्हा तीन-चार वर्षांचा.

बाबा १९०० साली वारले. भरती उघडलेली त्यांनी पाहिली नाही. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी सरकारकडे नेली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, '१११ महार' पलटण उभी राहिली, लढाई संपली अन् काही वर्षांत मोडलीही. गरज सरो नि वैद्य मरो! शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.