तहाच्या आतषबाजीला वाजंत्री कोणती?

एखाद्या संस्थेचा रौप्यमहोत्सव ठरला, कारखान्याचा वर्धापनदिन आला किंवा एखाद्या पेढीने आपल्या गिऱ्हाइकांना मेजवानी द्यायचे योजले, की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एक विषय हमखास लांबतो. गाणे कोणाचे ठेवावे? अध्यक्षांना भारदस्त काहीतरी हवे असते, चिटणीसांना लोक जागेवर बसून राहतील असे हवे असते, आणि खजिनदार बिदागीचा आकडा विचारतो. प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे मत बहुधा शेवटी, तेही उपचारापुरते घेतले जाते. ही ओढाताण जुनीच आहे. तिची एक हकिकत इतिहासात फार तपशिलाने राहिली आहे, आणि तीच आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. स्थळ लंडन, साल १७४९. एका बाजूला इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला थोर संगीतकार हँडेल, आणि या दोघांमध्ये सापडलेला एक मोठा अधिकारी. या अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाला लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत, म्हणून पडद्यामागची बोलणी आपल्याला कळतात.

निमित्त होते तहाचे. ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारशावरून युरोपात १७४० पासून चाललेले युद्ध ऑक्टोबर १७४८ मध्ये एला-शापेलच्या तहाने संपले. हा तह आपल्याला अगदी परका नाही. फ्रेंचांनी १७४६ साली जिंकून घेतलेले मद्रास याच तहाने इंग्रजांना परत मिळाले. त्याच्या बदल्यात इंग्रजांनी अमेरिकेतला लुईबर्गचा किल्ला सोडला. (इकडे साताऱ्यास शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात निवर्तले, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल.) इंग्लंडात हा तह लोकांना फारसा रुचला नव्हता. इतका पैसा आणि माणसे खर्चून मिळवले काय, असे लोक विचारीत होते. ज्या यशाबद्दल लोकांची खात्री नसते, त्याचा समारंभ जरा जास्तच थाटाचा करावा लागतो. तेव्हा ग्रीन पार्कमध्ये प्रचंड आतषबाजी करायची असे ठरले.

आतषबाजी म्हणजे दारूकाम, म्हणून सगळी व्यवस्था दारूगोळा खात्याकडे गेली. त्या खात्याचा मुख्य ड्यूक ऑफ माँटेग्यू, आणि कामावर देखरेख चार्ल्स फ्रेडरिक याची. सर्वांदोनी नावाच्या नामांकित नेपथ्यकाराने लाकडाचे आणि रंगवलेल्या कापडाचे एक देऊळच उभारले. लांबी ४१० फूट, उंची ११४ फूट. दारूकामाला इटालीहून कारागीर आणले. वाद्यवृंदाची रचना करायला हँडेलला सांगितले. त्याचे वय तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. जन्माने तो जर्मन, पण लंडनमध्ये मुरलेला, आणि राजघराण्याच्या ओळखीचा. याच राजाच्या बापासाठी १७ जुलै १७१७ रोजी टेम्स नदीवर त्याने जलविहाराचे संगीत रचून वाजवले होते. तेव्हा बॅरन किल्मन्सेग याने पदरचे दीडशे पौंड वादकांवर खर्चले, पन्नासेक वादक एका नावेत बसवले, आणि राजाने खूश होऊन तेच संगीत तीनदा ऐकले. पैसे देणारा एक, ऐकणारा एक, रचणारा एक. मध्ये समिती नव्हती. १७४९ साली मामला निराळा होता.

राजाला मुळात संगीतच नको होते. दारूकाम पाहायचे, त्यात गाणे-बजावणे कशाला? मग माँटेग्यूने सांगितले, की वाद्ये सगळी लष्करी असतील. तेव्हा राजाची कळी खुलली. मात्र त्यात सारंग्या नसाव्यात, अशी आशा त्याने बोलून दाखवली. सारंग्या म्हणजे व्हायोलिने. हा राजा १७४३ साली डेटिंगनच्या लढाईत स्वतः सैन्याच्या अग्रभागी उभा राहिलेला. त्याच्या कानाला नगारे आणि तुताऱ्या गोड लागाव्यात यात नवल नाही.

हँडेलचे म्हणणे उलटे. तुताऱ्या आणि हॉर्न प्रत्येकी सोळा ठरले होते, ते त्याने बारावर आणायचे म्हटले, आणि व्हायोलिने हवीत असा आग्रह धरला. तो हट्ट नव्हता. त्या काळच्या तुतारीला आणि हॉर्नला कळा नव्हत्या. नुसत्या फुंकेच्या जोरावर त्यातून ठराविक स्वरच निघत. खालच्या सप्तकात तर दोन स्वरांमध्ये मोठमोठी अंतरे पडत. तेवढ्यावर ललकारी होते, संगीत होत नाही. मधली जागा भरायला सर्व स्वर वाजवणारी वाद्ये लागतात.

येथे आम्हांला राजाची बाजूही थोडी घ्यावीशी वाटते. उघड्या बागेत, हजारोंच्या गर्दीत, संध्याकाळच्या दमट हवेत आतड्याच्या तारांची व्हायोलिने कितीशी ऐकू गेली असती? आपल्या वाडवडिलांनी नगारखान्यात सनई-चौघडा बसवला आणि सारंगी दिवाणखान्यात ठेवली, ती काही अडाणीपणाने नव्हे. कोणत्या जागेला कोणते वाद्य, हा प्रश्न राजाने आवडीपोटी का होईना, बरोबर सोडवला होता. हँडेलला स्वररचनेची काळजी होती, राजाला मैदानाची. दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि म्हणूनच माँटेग्यूची फजिती झाली. मार्च-एप्रिलमधली त्याची पत्रे चडफडाटाने भरलेली आहेत. हँडेल ऐकत नाही, राजा रागावेल, असे तो पुन्हा पुन्हा लिहितो.

त्यात तालमीचे भांडण उपटले. व्हॉक्सहॉल या करमणुकीच्या बागेचा मालक टायर्स याने एक सौदा पुढे केला. आपले सातशे पौंडांचे दिवे आणि तीस नोकर तो समारंभाला देणार, आणि मोबदल्यात संगीताची रंगीत तालीम त्याच्या बागेत व्हायची. खात्याचा फायदा उघड होता. हँडेलने नकार दिला. तेव्हा माँटेग्यूने फ्रेडरिकला लिहिले, की हा मनुष्य ऐकत नसेल तर दुसऱ्या कोणाकडून रचना करून घेऊ. पण ही धमकी पत्रातच राहिली. हँडेलला काढून टाकणे सोपे होते, त्याच्या तोडीचा दुसरा आणणे सोपे नव्हते, हे तो ओळखून असावा. व्यवस्थापकाच्या अंगी एवढी समज असली तरी पुरे.

अखेर हँडेल नमला. २१ एप्रिलला व्हॉक्सहॉलमध्ये तालीम झाली, अडीच शिलिंगांचे तिकीट लावून. बारा हजारांवर माणसे लोटली असे वृत्तपत्रांनी छापले. आकडा फुगवलेला असावा असे आजचे अभ्यासक म्हणतात. पण शहरात तेव्हा नदीवर एकच पूल होता आणि त्यावर तीन तास गाड्या अडकून पडल्या. वाद्यांच्या बाबतीतही राजाचेच चालले. हँडेलच्या हस्तलिखितात तंतुवाद्यांसाठी केलेल्या सूचना लिहून खोडलेल्या दिसतात. शेवटी चोवीस ओबो, बारा बसून, नऊ तुताऱ्या, नऊ हॉर्न आणि तीन जोड नगारे अशी मांडणी झाली. ओबो आणि बसून ही दुहेरी जिभाळीची वाद्ये, म्हणजे आपल्या सनईच्या गोत्रातली. तुताऱ्यांमधल्या रिकाम्या जागा हँडेलने त्यांच्याकडून भरून घेतल्या.

२७ एप्रिलला पाऊस भुरभुरला. संगीत वाजले, एकशे एक तोफांची सलामी झाली, आणि मग दारूकाम सुरू झाले. होरेस वॉल्पोल त्या रात्रीचा वृत्तांत पत्रात देतो: बाण चांगले उडाले, चक्रे अगदीच फिकी, दिव्यांची आरास इतकी सावकाश पेटवली की ती पुरी होईपर्यंत फारसे कोणी थांबले नाही. मध्येच देवळाच्या एका बाजूचा मंडप पेटला. आपली महिन्यांची मेहनत जळताना पाहून सर्वांदोनीने तलवार उपसली, ती थेट चार्ल्स फ्रेडरिकवर. त्याला धरून कैदेत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी क्षमा मागितल्यावर सोडले. माँटेग्यू जुलैत वारला.

ठीक एक महिन्याने, २७ मे रोजी, लंडनच्या अनाथ बालकांच्या आश्रमासाठी हँडेलने मदतीचा जलसा केला. आश्रमाचे प्रार्थनामंदिर अजून अपुरे होते, आणि त्याच्याच पूर्ततेसाठी पैसा हवा होता. कार्यक्रमात आतषबाजीचे तेच संगीत होते. या वेळी जागा बंदिस्त होती, निवड हँडेलची होती, आणि व्हायोलिने हजर होती.

राजाच्या पसंतीचा तो वायुवाद्यांचा ताफा पुढे दोनशे वर्षे क्वचितच जमला, कारण एका वेळी दोन डझन ओबोवाले मिळवणार कोठून? हँडेलच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९५९ च्या १३ एप्रिलच्या रात्री, चार्ल्स मॅकेरस याने लंडनमधल्या एका चर्चमध्ये सव्वीस ओबोवाले गोळा केले आणि ध्वनिमुद्रण केले. वेळ मध्यरात्रीची धरावी लागली. शहरातले एवढे सगळे वादक आपापल्या जलशांतून तेव्हाच मोकळे होत.