तळटीप : ‘कपिलधारची पोथी’

७. कपिलधार हे बीड तालुक्यातील मांजरसुंब्यानजीकचे क्षेत्र. येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. ‘पोथी’ म्हणजे स्वामींचा ओवीबद्ध ‘परमरहस्य’ ग्रंथ. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईचा तरुण कारकून तेव्हा छापील पुस्तके वाचनालयातून आणी किंवा पगारातून घेऊन साठवी. पोथी मात्र बोरूने नकलून, रुमालात बांधून देवघरात जपली जाई. अशा जपणुकीमुळेच इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची जुनी प्रत सापडली. ती त्यांनी १९०९ साली छापली. पुढे ‘रुमाल’ हा शब्द पोथ्या-कागदांचे फडक्यात बांधलेले गाठोडे याच अर्थी वाचावा. (संपा.)