ग्राफिक्स कार्डांची नवी-जुनी तुलना आणि धाराशिवचा पाऊस

दोन यंत्रांची तुलना करताना कोणते अधिक वेगवान, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. कोणत्या कामासाठी, हा प्रश्न मागाहून येतो. संगणकातील ग्राफिक्स कार्डांचा गेल्या पाव शतकाचा इतिहास पाहिला, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरल्याविना पहिल्याला अर्थच उरत नाही, असे दिसून येते. हवामानाच्या अंदाजाचे गणित हे या कार्डांचे एक नवे कार्यक्षेत्र होय. म्हणून धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या अवर्षणप्रवण जिल्ह्याचा पाऊस ही कसोटी धरून या तुलनेचा विचार येथे केला आहे.

ग्राफिक्स कार्ड हे मूलतः पडद्यावर चित्र उमटविण्याचे साधन. पडद्यावरील लक्षावधी बिंदूंचे रंग एकाच वेळी ठरवावयाचे असल्यामुळे त्यात पुष्कळ लहान गणकघटक एकत्र राबविले जातात. १९९९ मध्ये एनव्हिडिया या कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्याचा उपयोग मुख्यतः खेळांपुरता होता. २००७ मध्ये त्याच कंपनीने क्यूडा ही आज्ञाप्रणाली उपलब्ध करून दिली आणि चित्रांसाठी घडविलेली ही शक्ती शास्त्रीय गणितांकडे वळविणे सुलभ झाले. महाराष्ट्रात या परिवर्तनाचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक. ए-१०० जातीच्या कार्डांवर उभारलेल्या या यंत्राने नोव्हेंबर २०२० च्या जागतिक क्रमवारीत ६३ वे स्थान मिळविले.

ए-१०० हे कार्ड २०२० चे; त्याच्या आधीचे व्ही-१०० हे २०१७ चे. या दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. ६४ बिटांच्या सूक्ष्म आकडेमोडीत जुन्या कार्डाची कमाल क्षमता ७.८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदास ७.८ लाख कोटी गणिते, नव्याची ९.७. वाढ सुमारे सव्वापट. स्मृतीतून आकडे उचलण्याचा वेग सेकंदास ९०० वरून १,५५५ गिगाबाइटवर गेला. वाढ पावणेदोनपटीच्या आसपास. १६ बिटांच्या स्थूल आकडेमोडीत मात्र १२५ टेराफ्लॉपचे ३१२ झाले, वाढ अडीचपट. कार्डे तीच दोन, परंतु उत्तरे तीन. पुढे तर नवे म्हणजे सर्व बाबतींत सरस, हे गृहीतही टिकले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला स्थूल आकडे पुरतात, म्हणून २०२५ मधील बी-३०० या कार्डात ६४ बिटांची क्षमता ए-१०० पेक्षाही पुष्कळ कमी ठेवण्यात आली.

हवामानाच्या अंदाजाला हा भेद थेट लागू पडतो. परंपरागत पद्धतीत पृथ्वीवर जाळी कल्पून तिच्या प्रत्येक चौकटीसाठी वायू, उष्णता व बाष्प यांची समीकरणे सोडविली जातात. नवी पद्धत जुन्या नोंदींवरून शिकते. जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पांगू-वेदर या चिनी प्रतिमानाने एका दिवसाचा जागतिक अंदाज व्ही-१०० या एकाच कार्डावर १.४ सेकंदांत तयार करून दाखविला. कार्ड सहा वर्षांचे जुने होते. वेग वाढला तो पद्धतीमुळे. तथापि या प्रतिमानाची चौकट पाव अंशाची आहे. धाराशिव जिल्ह्याचे ७,५६९ चौरस किलोमीटर क्षेत्र तीत सुमारे १० चौकटींत मावते. तालुके ८ आहेत, म्हणजे साधारणपणे एका तालुक्याला एक चौकट. शिवाय त्या प्रतिमानातून दाब, तापमान, वारा व आर्द्रता यांचे आकडे निघतात. पावसाचा आकडा निघत नाही. ज्या जिल्ह्याला पावसाचेच उत्तर हवे आहे, त्याच्या दृष्टीने ही उणीव वेगाच्या सर्व आकड्यांहून मोठी ठरते.

परंपरागत पद्धतीचा देशातील प्रवासही याच मापाने मोजता येतो. १९९० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय मध्यमावधी हवामान अंदाज केंद्रातील जागतिक प्रतिमानाची चौकट सुमारे १५० किलोमीटरची होती; एका चौकटीत धाराशिवसारखे तीन जिल्हे बसत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉपचा प्रत्यूष हा महासंगणक सुरू झाला. त्या सुमारास चौकट १२ किलोमीटरची झाली होती व जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ५३ चौकटी येत होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा अर्क आला आणि २६ मे २०२५ रोजी ६ किलोमीटरची भारत अंदाज प्रणाली जाहीर झाली. आता या चौकटी सुमारे २१० आहेत. या दोन्ही यंत्रांची वरील क्षमता ग्राफिक्स कार्डांची नव्हे, नेहमीच्या प्रक्रियकांची आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि कालाचे टप्पेही निम्मे करावे लागत असल्याने एकंदर काम सुमारे आठपट वाढते. अर्कची कागदावरील क्षमता मात्र प्रत्यूषच्या तिपटीहूनही किंचित कमी. प्रत्यूषला ज्या कामास सुमारे १० तास लागत, ते अर्क ४ तासांत करतो, म्हणजे प्रत्यक्ष लाभ अडीचपट. कामाची वाढ व यंत्राची वाढ यांतील अंतर भरून काढण्यास नव्या प्रणालीतील अष्टफलकाधारित जाळीची मदत झाली. ध्रुवांजवळची चौकटींची अनावश्यक दाटी तिच्यामुळे टळते. गणिताच्या मांडणीतील सुधारणेचे श्रेय यंत्राच्या नावे मांडणे म्हणजे तुलनेत दोष ओढवून घेणे होय.

ही चर्चा केवळ तांत्रिक नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एरवी टंचाईने गाजणाऱ्या भूम व परंडा तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. उभी पिके व जनावरे वाहून गेली. अशा वेळी जिल्ह्याला एकच सरासरी आकडा मिळून भागत नाही. सीना नदीच्या खोऱ्यात किती पाऊस पडेल आणि उमरग्याकडे किती, हे निरनिराळे कळावे लागते, आणि तेही पाणी चढण्यापूर्वी. चौकट लहान झाली म्हणजे अंदाज आपोआप खरा होतो असेही नाही. महसूल मंडळांतील पर्जन्यमापकांच्या नोंदींशी तो वर्षानुवर्षे ताडून पाहावा लागतो, आणि या पडताळ्याला कोणतेही कार्ड पर्याय ठरत नाही. तात्पर्य, नव्या-जुन्या यंत्रांच्या तुलनेचे खरे कोष्टक तीन रकान्यांचे असावयास हवे: अंदाज किती लहान क्षेत्राचा, तो किती आधी हाती आला आणि मापकात पडलेल्या पाण्याशी तो किती जुळला. टेराफ्लॉपचा रकाना त्यांच्यानंतर येतो.