दांपत्य आणि परमार्थ : ताओ व वारकरी दृष्टी

संसारात राहून माणूस आतून वाढतो की संसार सोडल्यावरच, या प्रश्नावर चीनच्या ताओ मतात दोन वाटा आहेत. इ. स. १४२ मध्ये चांग ताओलिंग यांच्यापासून सुरू झालेल्या परंपरेत पुरोहित लग्न करतात आणि गादी वंशाने चालते. बाराव्या शतकात वांग चोंगयांग यांनी स्थापलेल्या चुआनझेन पंथाने मात्र ब्रह्मचर्य आणि मठ स्वीकारला. त्यांच्या सात प्रमुख शिष्यांत मा यू आणि सुन बुअर (१११९–११८२) हे पती-पत्नी होते. साधनेसाठी ते विभक्त झाले. महाराष्ट्रात हाच पेच ज्ञानेश्वरांच्या घरी उभा राहिला. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीला संन्यास घेतला, पण मागे पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठवले, असे परंपरा सांगते. वारकऱ्यांनी पुढे गृहस्थाचीच वाट धरली. नामदेव, एकनाथ, तुकाराम सगळे संसारी. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी गावांतला माळकरी आजही नोकरी-शेती सांभाळूनच वारीला जातो.

संसारातच राहायचे तर एकमेकांशी कसे वागावे, हा पुढचा प्रश्न. ताओ मताच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाच्या ८१ प्रकरणांतून नात्यांसाठी जी शिकवण निघते ती बळजबरी न करण्याची, नमते घेण्याची. आक्षेप असा, की घरात नमते घ्यायचे ते बाईनेच. व्यवहारात तसे घडते हे खरे, पण ग्रंथाचा रोख वेगळा आहे. ६१व्या प्रकरणात मोठ्या राज्याला लहानापुढे खाली राहायला सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता, त्याने आधी वाकायचे. शिऊरच्या बहिणाबाईंचे (१६२८–१७००) उदाहरण या कसोटीला लावून पाहावे. ब्राह्मण असून तुकारामांना गुरू मानले म्हणून पतीने त्यांना मारहाण केली, आणि ती त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवली. त्यांनी घर सोडले नाही, गुरूही सोडला नाही. आजारपणानंतर मन पालटले ते पतीचे, आणि दोघे देहूला गेले. त्याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माचीही थोरवी गायली, हे लपवण्याचे कारण नाही. चौकटीत राहून मिळवलेले स्वातंत्र्य अपुरेच असते. आणि खुद्द तुकारामांच्या घरी तराजू उलटा झुकतो. त्यांची विरक्ती वाढत गेली तसा मुलांच्या पोटाचा भार पत्नी जिजाईंवर पडत गेला, आणि लोककथेने मात्र त्यांना कजाग ठरवले.